उंदराची शेपटी आणि करडईचं तेल

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांनी करडईचं शेत पाहिलंय? शहरातल्या मुलांनी बहुधा नसेलच पाहिलं. आपल्या मराठवाड्यातल्या आजी-आजोबांना विचारा, ते लगेच सांगतील. रब्बीची ज्वारी पेरली की शेताच्या कडेने करडईच्या दोन-चार ओळी टाकायच्या. करडईला असे टोकदार काटे असतात की गुरं आत तोंड घालायला धजत नाहीत. कोवळी असताना तिची भाजी करायची, पिवळी-केशरी फुलं येऊन गेली की बी काढायचं आणि घाण्यावर न्यायचं. छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या खेड्यांत एके काळी भाजी-आमटीला, कानात घालायला, बाळाच्या अंगाला हेच तेल असे. पुढे सोयाबीन आलं, स्वस्त पामतेल आलं, काट्यांतून कापणी करायला माणसं मिळेनात, आणि करडईचं रान कमी कमी होत गेलं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'शारदा', 'परभणी कुसुम' अशी चांगली वाणं काढली, फलटणच्या निंबकर संस्थेने तर बिनकाट्यांची करडई तयार केली. तरी जुने दिवस काही परत आले नाहीत.

आज मला या तेलात असणाऱ्या एका पदार्थाबद्दल सांगायचंय. त्यासाठी आपल्याला लांब अमेरिकेत, उंदरांच्या पिंजऱ्यापाशी जावं लागेल. पण आधी मी तिकडे कशी पोचले ते सांगते.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. नाव सांगत नाही हं, तिला ते आवडणार नाही. तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांच्या मागे कातडी लाल, खरखरीत झालेली असते. थंडी पडली की गालांवरसुद्धा. खाजवून खाजवून कधी कधी पाणी येतं. रात्री झोप लागत नाही, म्हणून सकाळी दुसऱ्या तासाला तिचे डोळे मिटायला लागतात. तिच्या बाकावर ती एकटीच बसायची. शेजारच्या मुलाला मी विचारलं तर तो म्हणाला, "बाई, तिला नायटा झालाय. आई म्हणाली जवळ बसू नको."

त्याच्या आईचं अगदीच चुकलं असं नाही. नायटा, म्हणजेच गजकर्ण, खरंच पसरतो, कारण ती बुरशी असते. खरूजही पसरते, तिचा डोळ्यांना न दिसणारा बारीक किडा असतो. पण या मुलीला होता तो इसब. डॉक्टर त्याला एक्झिमा म्हणतात. तो शेजारी बसून, हातात हात घेऊन, एका डब्यात जेवून कुणालाही होत नाही. लांबून पाहिलं तर तिन्ही सारखेच दिसतात, म्हणून हा घोटाळा होतो.

हे मी वर्गात सांगितलं. दुसऱ्याच दिवशी मुलीची आजी शाळेत आली. हातात तेलाच्या गोळ्यांची डबी. कुणीतरी त्यांना ती बऱ्याच पैशांना दिली होती, आणि सोबत एक छापील कागद. कागदावर लिहिलं होतं की अंगात तेलाची कमतरता झाली की इसब होतो आणि हे उंदरांवर सिद्ध झालेलं आहे.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. हे खरं हाय का बघा," आजी म्हणाल्या. "आमच्या टायमाला करडीचंच तेल खायचो आमी. तवा कुनाला असलं काही नव्हतं. मी तर ते दवाखान्याचं मलम बी बंद केलंय, म्हटलं दोन-दोन औषधं नकोत."

मलम बंद केलंय हे ऐकून मला काळजी वाटली. पण 'उंदरांवर सिद्ध झालंय' या शब्दांनी माझं कुतूहलही जागं झालं. खरंच झालंय का? मी माहिती काढायला बसले. आणि गंमत बघा, ते खरं निघालं! निदान अर्धं तरी.

आता चला अमेरिकेला. साल 1929. मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर हे नवरा-बायको पांढऱ्या उंदरांवर काम करत होते. त्या काळी शास्त्रज्ञांना वाटायचं की तेल-तूप म्हणजे नुसतं जळण. शरीर साखरेपासून स्वतःच चरबी बनवतं, मग खाण्यात तेल नसलं तर बिघडलं कुठे? बर दांपत्याने हेच तपासायचं ठरवलं. उंदरांच्या पिल्लांना त्यांनी असा आहार दिला की त्यात तेलाचा टिपूसही नाही: साखर, दुधातलं केसीन नावाचं प्रथिन, क्षार आणि यीस्ट. तेलात विरघळणारी जीवनसत्त्वं लागतात, तर तीही तेलापासून वेगळी काढून दिली. म्हणजे जे काही बिघडेल ते फक्त तेल नसल्यामुळेच, दुसऱ्या कशामुळे नाही. प्रयोग असा बांधावा लागतो बरं का!

काही आठवडे पिल्लं ठीक होती. मग त्यांच्या पायांवर आणि शेपटीवर कोंड्यासारखे खवले दिसू लागले. शेपटीचं टोक सुजलं, काहींचं झडून गेलं. केस गळाले, वाढ थांबली, मूत्रपिंडं बिघडली. आणि एक विचित्र गोष्ट झाली. हे उंदीर खूप पाणी पिऊ लागले, पण प्यालेलं पाणी लघवीवाटे बाहेर पडत नव्हतं. मग ते जात कुठे होतं? हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आजारी उंदरांना रोज थोडेसे थेंब योग्य चरबी दिली की ते सुधारत. कुठली चरबी चालते, कुठली नाही हे तपासत तपासत 1930 साली बर यांनी त्यातला नेमका पदार्थ शोधला. त्याचं नाव लिनोलिक आम्ल. नावातलं 'लिनो' म्हणजे जवस, आपण चटणी करतो तेच. पण हे आम्ल सर्वांत जास्त कुठल्या तेलात असतं सांगू? करडईच्या! नेहमीच्या करडई तेलात शंभरातले सत्तरहून जास्त भाग लिनोलिक आम्लाचे असतात. खोबरेल तेलात जेमतेम दोन.

शरीराला हे आम्ल बाहेरूनच का लागतं? हे मी वर्गात गणित पेटीतल्या मण्यांनी दाखवलं, तुम्हीही करून बघा. 18 मण्यांची माळ घ्या. एकेक मणी म्हणजे कार्बनचा एकेक अणू. शरीर अशी सरळ माळ साखरेपासून ओवू शकतं. नवव्या मण्यानंतर माळेला एक बाक द्या: झालं ओलिक आम्ल, ऑलिव्ह तेलात असतं ते. हा बाकही आपलं शरीर देऊ शकतं. आता बाराव्या मण्यानंतर दुसरा बाक द्या. हे झालं लिनोलिक आम्ल. आणि इथे आपण अडतो! हा दुसरा बाक देणारं विकर, म्हणजे एन्झाइम, ना उंदराकडे आहे ना माणसाकडे. ते वनस्पतींकडे असतं. म्हणून करडईने केलेलं काम आपल्याला आयतं खावं लागतं. अशा मेदाम्लांना 'आवश्यक' म्हणतात ते याच अर्थाने.

आता ते पाणी कुठे गेलं? आपल्या कातडीच्या अगदी वरच्या थरात मेलेल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधल्या सांध्यांत मेदाचा चुना भरलेला असतो. पाणचक्कीचा दगडी हौद पाहिलाय ना? दगड कितीही घट्ट असोत, सांध्यातला चुना गेला की पाणी झिरपणारच. कातडीतल्या या चुन्याचा एक महत्त्वाचा भाग लिनोलिक आम्लाला जोडूनच तयार होतो. ते नसलं की कातडी गळकी होते. त्या बिचाऱ्या उंदरांच्या अंगातलं पाणी कातडीतून उडून जात होतं, म्हणून ते सारखे तहानलेले!

इथपर्यंत ऐकल्यावर वर्गातल्या एका मुलाने हात वर केला. "बाई, उंदरांना मुद्दाम आजारी पाडणं वाईट नाही का?" वाईट वाटावं असंच आहे ते. आज आपल्या देशात असा प्रयोग मनाला येईल तसा करता येत नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध 1960 सालचा कायदा आहे, आणि प्रयोगाआधी समितीची परवानगी लागते. मला स्वतःला वाटतं की ज्या प्राण्यांमुळे आपल्याला काही कळलं, त्यांची गोष्ट निदान नीट, खरी खरी सांगावी. तेलाच्या गोळ्या विकायला अर्धीच सांगू नये.

उरलेली अर्धी अशी आहे. खवले आलेली उंदराची कातडी पाहिली की डॉक्टरांना इसब झालेली बाळं आठवणारच. त्याच विद्यापीठातल्या आरिल्ड हॅन्सन या डॉक्टरांना ती आठवली. 1933 च्या सुमारास त्यांनी अशा बाळांचं रक्त तपासलं, त्यात बाक असलेली मेदाम्लं कमी दिसली. त्यांनी बाळांना तेलं दिली, काहींची कातडी सुधारली. केवढी आशा वाटली असेल! पुढे 1963 साली त्यांचा मोठा अभ्यास छापून आला. 428 तान्ह्या बाळांना वेगवेगळ्या चरबीचं दूध देऊन पाहिलं होतं. ज्यांच्या दुधात लिनोलिक आम्ल जवळजवळ नव्हतं, त्यांची कातडी कोरडी, खवल्यांची झाली आणि ते आम्ल देताच बरी झाली. बाळांवर असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण एवढं नक्की झालं की माणसालाही हे आम्ल लागतंच.

मात्र त्याच मिनेसोटात आणखी एक गोष्ट घडली होती. विल्यम ब्राउन नावाच्या संशोधकाने स्वतःवरच प्रयोग केला. सहा महिने तो जवळजवळ बिनतेलाचं जेवला. 1938 साली त्याचे निकाल छापून आले. त्याला खवले आले का? अजिबात नाही! उलट त्याची जुनी अर्धशिशी थांबली. असं का? उंदरांची ती वाढती पिल्लं होती, त्यांच्या अंगात साठा नव्हता. ब्राउन मोठा माणूस, त्याच्या अंगातल्या चरबीत पूर्वीच्या जेवणातलं लिनोलिक आम्ल साठलेलं होतं. ते सहा महिन्यांत संपलं नाही.

आता विचार करा. आपल्या घरी रोज फोडणी होते. चटणीवर तेल, पोळीला तेल, सोयाबीन तेल, शेंगदाणे. इसब झालेल्या आपल्या मुलीच्या ताटात तेलाचा टिपूस नाही, असं आहे का? मुळीच नाही. मग तिला उंदराचा आजार कसा होईल?

मी हे विचारल्यावर एक मुलगी म्हणाली, "म्हणजे बाई, उंदराला इसब झालाच नव्हता!"

शाब्बास! नेमकं हेच. उंदराला झालं होतं ते इसबासारखं *दिसणारं* काहीतरी. नायटा आणि इसब लांबून सारखे दिसतात, तसंच हे.

पण शास्त्रज्ञही चिकट असतात. 1980 च्या दशकात काहींनी म्हटलं, ठीक आहे, या मुलांना लिनोलिक आम्ल मिळतं, पण त्याच्यापासून पुढचं आम्ल बनवणारं विकर कदाचित मंद असेल. म्हणजे कच्चा माल आहे, पण गिरणी हळू चालते. मग पुढचं आम्लच तयार का देऊ नये? ईव्हनिंग प्रिमरोझ नावाच्या, संध्याकाळी उमलणाऱ्या पिवळ्या फुलाच्या बियांत ते असतं. त्याच्या तेलाच्या गोळ्या आल्या. ब्रिटनमध्ये तर त्यांना इसबावरचं औषध म्हणून परवानाही मिळाला. आजींच्या डबीवर हेच नाव होतं.

अशी गोळी खरंच काम करते का, हे कसं ओळखायचं? मुलांचे दोन गट करायचे. एकाला खरी गोळी, दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी, पण ते तेल नसलेली. कुणाला कुठली मिळाली हे मुलांनाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. शेवटी चिठ्ठी उघडायची. अशा तऱ्हेचे प्रिमरोझ आणि बोरेज या तेलांचे 27 अभ्यास, मिळून 1596 माणसं, 2013 साली एकत्र तपासले गेले. निकाल? तेल घेणारे जेवढे सुधारले, जवळजवळ तेवढेच खोट्या गोळीवालेही सुधारले! इसब आपोआप कमी-जास्त होतच असतो ना. ब्रिटनमधला तो परवाना तर 2002 सालीच काढून घेतला होता.

आई-बाबांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी. इसब होण्याचं एक कारण आता चांगलं कळलंय. 2006 साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की काही मुलांमध्ये फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात जन्मतःच दोष असतो. मघाची भिंत आठवा. उंदरांच्या भिंतीत चुना कमी पडला होता, या मुलांच्या विटांमध्येच खोट आहे. पाणी दोन्हींतून गळतं, पण पोटातून तेल देऊन वीट दुरुस्त होत नाही. सगळ्याच मुलांना हा दोष असतो असंही नाही. कुणाला धूळ, कुणाला लोकर, कुणाला घाम चालत नाही, म्हणून प्रत्येकाचं औषध डॉक्टरांनीच ठरवावं लागतं.

मग आजींचं करडीचं तेल वाया गेलं म्हणायचं का? छे! तान्ह्या बाळांबद्दलचा एक सुंदर अभ्यास आपल्याच महाराष्ट्रातला आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2005 साली तो प्रसिद्ध केला. 120 नवजात बाळं, 40-40 चे तीन गट. एका गटाला करडईचं तेल, दुसऱ्याला खोबरेल, तिसऱ्याला काहीच नाही. दर वेळी 5 मिलिलिटर तेल, दिवसातून चार वेळा मालिश, असं पाच दिवस. मग रक्त तपासलं. करडईवाल्या बाळांच्या रक्तात आवश्यक मेदाम्लं वाढलेली, खोबरेलवाल्यांच्या रक्तात खोबऱ्यातली मेदाम्लं वाढलेली! म्हणजे बाळाच्या नाजूक कातडीतून तेल खरोखर आत जातं. न्हाऊ-माखू घालणाऱ्या आपल्या आज्यांना हे वाचून काही नवल वाटायचं नाही. मात्र प्रत्येक तेल चांगलंच असतं असं नाही. 2002 साली उंदरांच्या कातडीवर वेगवेगळी तेलं लावून पाहिली, तेव्हा सूर्यफुलाच्या तेलाने दुखावलेली कातडी लवकर सावरली आणि मोहरीच्या व ऑलिव्हच्या तेलाने उलट उशीर लागला. सूर्यफुलात लिनोलिक आम्ल भरपूर, ऑलिव्हमध्ये ओलिक. तुमचे मणी काढून पुन्हा बघा!

पण यातल्या कुठल्याच अभ्यासात 'करडईच्या तेलाने इसब बरा होतो' असं म्हटलेलं नाही. पुण्याच्या बाळांना इसब नव्हताच.

हे सगळं मी आजींना सांगितलं, मणी आणि हौदासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी उंदराला भूक होती तेलाची, आन् माझ्या नातीला नाही." एवढ्या थोडक्यात मलाही सांगता आलं नसतं. त्याच आठवड्यात त्या नातीला घेऊन घाटीत, त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या. मलम पुन्हा सुरू झालं. आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात आटपायची, अंग घासायचं नाही, आणि टॉवेलने हलकेच टिपल्यावर लगेच, कातडी ओलसर असतानाच मऊ ठेवणारं मलम लावायचं. आजींनी विचारलं, करडीचं तेल लावू का? डॉक्टर म्हणाल्या, चिरलेल्या कातडीवर सध्या नको, भाजीत घाला.

इसब गेलेला नाही. पावसाळ्यात कमी होता, थंडीत पुन्हा थोडा वर आलाय. पण रात्री झोप लागते, आणि दुसऱ्या तासाला ती जागी असते. तिच्या बाकावर आता दोघी बसतात. दुसरी कोण, ओळखा पाहू? "उंदराला इसब झालाच नव्हता" म्हणणारी!

मुलांनो, आज घरी गेल्यावर तेलाची पिशवी किंवा डबा बघा. मागच्या बाजूला छोट्या अक्षरांत एक तक्ता असतो. त्यात 'पॉलीअनसॅच्युरेटेड' असं लिहिलेली ओळ शोधा. दोन किंवा जास्त बाक असलेल्या माळा त्या ओळीत मोजलेल्या असतात. शेजारच्या घरातल्या तेलाचा आकडाही विचारून या आणि दोन्ही वहीत लिहून ठेवा. ज्यांच्या घरी घाण्याचं सुटं तेल येतं आणि तक्ता नसतो, त्यांनी आजीला विचारायचं: हे कशाचं तेल, आणि तुझ्या लहानपणी कुठलं होतं?